पहिल्याच हाकेला

संक्रांतीच्या आठवड्यात संयोगिताच्या घरी आयएसडीएनची लाइन आली. टेलिफोन ऑफिसच्या उमर मुजावरनं खिडकीजवळच्या भिंतीला एक पांढरी डबी ठोकली, तिचा हिरवा दिवा लागलेला दाखवला, तिळाचा लाडू तोंडात टाकला आणि म्हणाला, "मॅडम, आता एकाच तारंवर दोन कामं. एका बाजूनं फोनवर बोला, दुसऱ्या बाजूनं कॉम्प्युटर चालू दे. कोण कुणाच्या आड येत न्हाय." ते साल दोन हजार तीन. सानेगुरुजी वसाहतीत अशी लाइन दुसऱ्या कुणाकडं नव्हती, त्यामुळं शेजारच्या बायका डबी बघून गेल्या आणि एवढ्याशा डबीचं काय ते कौतुक, म्हणून नाकं मुरडूनही गेल्या.

लाइन घ्यायचं कारण तिचा धाकटा भाऊ आदर्श. त्याचा पेठ वडगावात फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या मागच्या बाजूला घर. लग्नं तो टिपायचा आणि अल्बमची पानं कोल्हापुरात बसून संयोगिता करायची. नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसायचा, रुसून कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या मावशीला मधे आणायचं, आणि ज्यांनी आयुष्यात पन्हाळ्यापलीकडं काही पाहिलं नव्हतं अशा जोडप्याला बर्फाच्या डोंगरावर उभं करायचं, असा तिचा उद्योग. आजवर फोटोंच्या सीड्या शिटा भरून धावणाऱ्या वडाप जीपच्या ड्रायव्हरच्या हाती ये-जा करायच्या. मग एकदा एका अवजड पाहुण्यानं एक अख्खं लग्न बुडाखाली घेतलं, आणि सीडीचे तुकडे हातात आल्यावर आदर्शनं ठरवलं की आता हे पुरे.

बेत साधा होता. मधे इंटरनेट नाही, दुसरं कुणी नाही. वडगावच्या घरातला संगणक कोल्हापूरच्या घरातल्या संगणकाला थेट फोन लावणार आणि फोटो इकडून तिकडं जाणार. पहिले काही दिवस मात्र काही केल्या जमेना. दोन्हीकडचे संगणक एकाच वेळी एकमेकांना फोन लावत बसायचे आणि दोघांनाही लाइन बिझी मिळायची. बहीणभाऊ एकमेकांना अक्कल शिकवून दमले, तेव्हा संयोगिताच्या डोक्यात उजेड पडला. दोघंही हाका मारत होते, ओ द्यायला कुणीच बसलं नव्हतं. ती फिजिक्सची पदवीधर होती आणि स्वतःवर मनसोक्त हसलीही. तिनं आपला संगणक फोन घेण्यासाठी लावून ठेवला, पुढच्या रविवारी वडगावला जाऊन आदर्शचाही तसाच करून आली. आत येणाऱ्याला नाव आणि पासवर्ड द्यावा लागे, आणि तिच्या संगणकात आत यायला एकाच नावाला मुभा होती, आदर्शच्या. जोडणी झाली की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र उमटायचं आणि बाण त्यावर नेला की आलेल्याचं नाव दिसायचं.

या सगळ्याला घरात एकाच माणसाचा विरोध होता. ते माणूस म्हणजे बयाबाई, तिची आत्या. आईवडील एस.टी.च्या अपघातात गेले तेव्हा आदर्शला नीट बोलताही येत नव्हतं. आत्यानं दोघांना पोटाशी घेतलं आणि वाढवलं. आदर्शनं पुढं स्वप्नालीशी लग्न करून वडगावात बस्तान बसवलं. संयोगिताचं लग्न जमलं नाही, आणि नंतर तिनंही जमवलं नाही. आत्या आणि आदर्श, तिची माणसं ती एवढीच, आणि त्यांच्यावर तिचा भारी जीव.

आत्याचा एक नेम होता. दिवे लागले की बाहेरून आलेल्या पहिल्या हाकेला ती ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली की मगच जागची उठायची. माणूस असलं तर तिसऱ्यांदा मारतंय की हाक, असं तिचं म्हणणं. गल्लीला हे पाठ होतं. दूधवाला संध्याकाळी फाटकातून "बयाबाई, बयाबाई, बयाबाई" असं एका दमात उरकून टाकायचा आणि आत्या गंभीर चेहऱ्यानं पातेलं घेऊन बाहेर यायची.

"ह्ये वाजत न्हाय व्हय?" एका संध्याकाळी तिनं डबीकडं बघत विचारलं. आदर्शकडून फोटो येत होते.

"नाही. आपोआप उचलतं."

"पहिल्याच हाकंला?"

"हाक कसली आत्या, सिग्नल असतो तो."

"त्येला सांग तिसऱ्याला उचल म्हणून."

तसं सांगायची सोय त्यात नव्हती. फोन आला की संगणक तत्क्षणी उचलायचा, मधे घंटा वाजायला जागाच नव्हती. संयोगितानं दोन-चार खिडक्या उघडझाप केल्या आणि म्हणाली, "सांगितलं बघ. आता तिसऱ्यालाच उचलतंय." म्हाताऱ्या माणसाच्या समाधानासाठी आपण अशा थापा मारतोच. आत्या निवांत झाली आणि वांगी चिरायला बसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कळंब्याच्या तळ्यावरून गार वारा सुटला होता आणि गुऱ्हाळांचा वास घरात आला होता अशा वेळी, कोपऱ्यातलं चित्र उमटलं. फोटो मात्र येईनात. संयोगितानं आदर्शच्या मोबाइलवर फोन केला.

"काय पाठवायलाईस?"

"कुठं काय? मी हॉलवर हाय, मुहूर्त गोरजाचा हाय. कॉम्प्युटर बंद करून आलोय की."

तिनं बाण चित्रावर नेला. नावाच्या जागी पिवळी पट्टी आली. ती कोरी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पासवर्ड बदलला. दिवेलागणीला चित्र पुन्हा उमटलं. मग तिनं जोडणीचा तपशील उघडला. त्यात दोन आकडे असत, किती आलं आणि किती गेलं. आलेल्याचा आकडा शून्यावर होता. गेलेल्याचा हळूहळू वाढत होता. काय जातंय म्हणून तिनं सगळ्या फाइली तपासल्या, कशालाच हात लागलेला नव्हता. आकडा मधेच थांबे आणि मधेच चाले. तो कशानं चालतो हे लक्षात यायला तिला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. ती बोलायला लागली की आकडा पळत होता. ती गप्प झाली की थांबत होता. आत्या शेजारी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कितीही कागाळ्या सांगो, तो हलायचा नाही. मायक्रोफोन तिच्या संगणकाला नव्हताच.

तिनं उमरला बोलावलं. त्यानं नंबर दाखवणारा फोन डबीला जोडला आणि संध्याकाळपर्यंत थांबला. चित्र उमटलं तसा त्याच्या फोनवर नंबर आला. त्यानं तो दोनदा वाचला.

"मॅडम, हा तुमचाच नंबर हाय की."

"म्हणजे?"

"म्हणजे फोन घरातनंच लागालाय. ह्या लाइनीला दोन बाजू असत्यात न्हवं? एक बाजू दुसरीला फोन लावू शकती. कायतरी सेटिंग फिरलंय." त्यानं डबी बदलली, संगणकातलं बाहेर फोन लावायचं बंद करून टाकलं आणि हात झटकले. संयोगिताला एवढं बरं वाटलं की तिनं त्याला आग्रह करून दोनदा चहा पाजला. कारण कळलं की भीती जाते, असा तिचा अनुभव होता.

आठवडाभर काही झालं नाही. मग चित्र पुन्हा उमटलं आणि या वेळी पट्टी कोरी नव्हती. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, गुंडू.

तिनं आदर्शला फोनवर झाडलं. असल्या चेष्टा करायला तू काय शाळेत आहेस का, म्हणाली. आदर्शनं आत्याची शपथ घेतली आणि उलट विचारलं, "गुंडू कोण, ताई?" ते तिलाही ठाऊक नव्हतं. म्हणून जेवायला बसल्यावर तिनं सहज विचारलं, "आत्या, आपल्यात गुंडू कोण होतं गं?"

आत्यानं भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. नाव दिसलं."

मग ती बोलली ते ताटाकडं बघून. "माझा भाऊ. तुझा बा तवा पाळण्यात हुता. गगनबावड्याच्या वरच्या अंगाला आमचं घर. पावसाळ्यात धुकं चुलीपतोर याचं. दिवं लावायच्या वक्ताला मी नाचणी दळत बसलेली आन् गुंडू माझ्या म्होरं. भाईरनं हाक आली, गुंडू म्हणून."

"कुणाची?"

"माझी."

संयोगिताला वाटलं, आत्याचं काहीतरी चुकतंय. पण आत्याच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता.

"माझं त्वांड मिटल्यालं. त्येनं माझ्याकडं बघितलं. मी बोलले न्हाय ह्ये त्येनं आपल्या डोळ्यांनी बघितलं. तरीबी ओ म्हणाला आन् उठून गेला. भणीचा आवाज हुता की गं. त्येला न्हाय कसं म्हणंल?"

"मग?"

"मग काय. समद्या गावानं रान धुंडाळलं. न्हाय घावला. शेजारच्या चिमणाबाईनं सांगितलं, बयानंच बोलावलं, म्या माझ्या कानानं ऐकलं. आय मरंस्तवर माझ्या हातचं पाणी प्याली न्हाय."

एवढ्या वर्षांत आत्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. संयोगिताचे डोळे भरून आले. तिनं आत्याचा हात धरला.

"संयू," आत्या म्हणाली, "त्ये तिसऱ्यालाच उचलतंय न्हवं?"

आता थाप मारणं तिला जमेना. "नाही आत्या. पहिल्यालाच उचलतं. पहिल्यापासनं."

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं डबीच्या हिरव्या दिव्याकडं बघितलं. "मग आला असंल," ती म्हणाली आणि ताट उचलून मोरीकडं गेली.

दुसऱ्या दिवसापासून दिवे लागायच्या वेळी आत्या संगणकासमोर येऊन बसायला लागली. धुतलेलं लुगडं नेसायची, पदर डोक्यावरून घ्यायची. चित्र उमटलं की मान थोडी कलती करायची आणि विझलं की उठून देवापाशी जायची. बोलायची नाही. तिच्या चपला नेहमी पायरीवर असायच्या. त्या आता खुर्चीखाली, तिच्या पायांजवळ दिसायला लागल्या.

संयोगिता त्या चपला बघून घाबरली. गुंडूला ती घाबरत नव्हती, गुंडू तिला माहीतच नव्हता. आत्या जाईल, हे तिला भय होतं. भावाच्या मागं जायची वाट बघत आत्या जन्मभर बसली होती की काय, आणि आपण घरात दार करून दिलं की काय, या विचारानं तिचं कामात लक्ष लागेना. एका नवरीला तिनं दोन डावे हात लावून पाठवले.

तिनं उमरला लाइन काढायला सांगितलं. तो म्हणाला सोमवारी येतो. आदर्शला सांगितलं तेव्हा तो भडकला.

"लाइन काढायची? भर सीझनात? डोस्कं फिरलंय काय तुझं?"

"फोनवर नाही सांगता येत. रविवारी येते वडगावला, मग सगळं सांगते."

"ये की. दुपारचं ये, जेवायला ये. स्वप्नाली मटण करती."

त्याला तिथंच सगळं सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तो हसला असता, आणि आत्याची गोष्ट हसण्यावारी जाऊ द्यायची नव्हती.

रविवारी ती साडी नेसून तयार झाली. निघताना आत्याकडं बघितलं. आत्या भर दुपारीच धुतलेलं लुगडं नेसून बसली होती आणि चपला पायांत होत्या. संयोगितानं पर्स खुंटीला अडकवली. वडगावला निरोप द्यायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

दिवस मावळला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणाची तरी मुलं पाढे म्हणत होती. देवापाशी समई लावून ती वळली तर चित्र उमटलेलं होतं.

तिनं तपशील उघडला. आज उलटं होतं. जात काहीच नव्हतं. येत होतं.

"गुंड्या," आत्या हलकेच म्हणाली. तिच्या आवाजातला लाड संयोगितानं लहानपणी आदर्शसाठी ऐकला होता.

संयोगितानं दोन्ही हातांनी डबी धरली आणि भिंतीतून उपटली. गिलाव्याचा पोपडा टेबलावर पडला. हिरवा दिवा विझला. कोपऱ्यातलं चित्र गेलं.

ती धापा टाकत उभी राहिली. शेजारची मुलं गप्प झाली होती.

"आत्या."

हाक फाटकातून आली.

आवाज थोडा पातळ होता, टेपवर आपला आपल्याला ऐकू येतो तसा. पण तो तिचाच होता, संयोगिताचा.

आत्यानं तिच्याकडं बघितलं. तिच्या मिटलेल्या तोंडाकडं बघितलं.

संयोगितानं मान हलवली. नाही, नाही. तिला स्वतःला बोलायचा धीर होईना.

आत्याचे ओठ उघडले.

संयोगितानं झेप घेतली आणि तिच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली ओठ हलत होते, गरम. दोघी तशाच राहिल्या, एकमेकींना धरून.

दुसरी हाक आली नाही.

फाटकाची कडी वाजली आणि स्थिर झाली. मग गल्लीतून एक स्कूटर गेली, पुन्हा पाढे सुरू झाले. आत्यानं तिचा हात हळूच बाजूला केला.

"गेलं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "म्या ओ दिली न्हाय गं. ह्या डावाला कुणीबी दिली न्हाय."

"नाही दिलीस," संयोगिता म्हणाली. तीही रडत होती. तिनं घरातले सगळे दिवे लावले, आत्याच्या पायांतल्या चपला काढून कपाटावर टाकल्या आणि चहाचं आधण ठेवलं. आत्या होती, समोर होती, पदरानं नाक पुसत होती. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. चहात तिनं आलं जरा जास्तच घातलं.

कप भरत असताना तिचा मोबाइल वाजला. वडगावच्या घरचा नंबर होता. स्वप्नाली होती.

"ताई, कुठं गेलासा दोघंबी? चहा निवला की."

"दोघं कोण?"

"अवो, तुम्ही आन् ह्ये. मटण सकाळधरनं करून ठेवलंय, दुपारपासनं वाट बघतोय. आता आलासा ते आलासा, आत तरी या. फाटकातनंच हाक मारलासा, ह्ये ओ ताई म्हणत पळालं. मी चहा टाकून बाहेर येऊन बघते तर कुणीच न्हाय."

"स्वप्नाली, मी कोल्हापुरात आहे. घरात आहे. मी आलेच नाही."

स्वप्नाली हसली. "चेष्टा करालासा व्हय? तुमचा आवाज वळखत न्हाय व्हय मी? तुमीच बोलावलं की त्येस्नी."

आत्या उठून उभी राहिली होती. तिला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. ती संयोगिताच्या तोंडाकडं बघत होती.

"ऐक माझं. दार लाव. आधी दार लाव आणि..."

"थांबा जरा, फाटक वाजलं," स्वप्नाली म्हणाली. "आलासा वाटतं." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"स्वप्नाली!" संयोगिता ओरडली. एकदाच.

"ओ ताई, आले!" पलीकडून लगेच उत्तर आलं, आणि स्वप्नालीची पावलं फोनपासून लांब, अंगणाकडं गेली.